नावातले तांबे, पिसातले तांबे

उन्हाळा लागला, की आमच्या आशापुरीच्या एडवणात, वाड्यांमधून 'टुक टुक टुक' असा ठोका सुरू होतो आणि दुपारभर चालतो. हा तांबट पक्षी. चिमणीएवढा, अंगाने हिरवा, कपाळ आणि छातीवर लाल ठसा, गळा पिवळा. वड, पिंपळ, उंबराची फळे हे त्याचे मुख्य अन्न. गंमत म्हणजे आवाज काढताना त्याची चोच मिटलेली असते; फुगतो तो गळा. तरी ऐकणाऱ्याला हातोडीच आठवली. इंग्रजांनीही त्याला आपल्या भाषेत तांबटच म्हटले.

या नावात एका धंद्याचा इतिहास आहे. पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी पेशवाईत कोकणातून आलेल्या कारागिरांनी वसवली. तांब्याचा हंडा, घागर, बंब हातोडीने मठारला, की पत्रा कठीण होतो आणि भांड्याला झळाळी येते. या मठारकामाचा ठोका एकेकाळी गावोगावी ओळखीचा होता. म्हणूनच पक्ष्याचे नाव कुणाला समजावून सांगावे लागले नाही.

आपल्या तांबटाच्या नावात तांबे आहे. ते खरोखर पिसांत बाळगणारा फळखाऊ पक्षी मात्र आफ्रिकेच्या जंगलात राहतो. त्याचे नाव तुराको. १८६९ साली आर्थर हर्बर्ट चर्च या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने त्याच्या पंखांतला लाल रंग वेगळा काढला. त्यात सुमारे सहा टक्के तांबे निघाले! हे तांबे पक्ष्याला खाण्यातून मिळते. असा रंग दुसऱ्या कुठल्याही पक्षिकुळात नाही. स्वाझी लोकांत ही लाल पिसे डोक्यात खोवण्याचा मान राजघराण्याचा.

आपल्या तांबटाला असा राजाश्रय नाही. स्टील आणि प्लास्टिक आले, तसा हातोडीचा ठोका मागे पडला. आज पुष्कळ मुलांना पक्षी ऐकू येतो, पण त्याला तांबट का म्हणतात ते कळत नाही. पक्ष्याची गरजही साधी आहे. वाळक्या फांदीला चोचीने भोक पाडून तो घर करतो, आणि वाडी साफ करताना आपण नेमकी तीच फांदी आधी तोडतो. घरावर किंवा विजेच्या तारेवर पडण्याची भीती नसेल, तर अशी एखादी फांदी राहू द्यावी. आणि मुलांनी विचारले, तर त्यांना घरातली जुनी घागर काढून तिच्यावरचे ठोके दाखवावेत.