शरणपूरचे आफ्रिकन आणि रबाईचा आसरा

चिंचोळी एमआयडीसीच्या आमच्या परिसरात आफ्रिकेचा विषय निघाला की बोलणे मलिक अंबरापाशी येऊन थांबते. ते स्वाभाविकही आहे. १६२४च्या भातवडीच्या लढाईनंतर त्याने सोलापूर विजापूरकरांकडून जिंकून घेतले होते. गुलाम म्हणून विकला गेलेला एक हबशी मुलगा निजामशाहीचा कर्ता मुत्सद्दी होतो, ही कथा इतकी भरजरी आहे की विकल्या गेलेल्या इतर मुलांचे काय झाले, हा प्रश्न मनात उमटतच नाही. पुढे दोन-सव्वादोन शतकांनी अशाच काही मुलांना महाराष्ट्रात आसरा मिळाला. तो इतिहास नाशिकचा आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी त्याकडे वळावे असे आम्हांला वाटते, कारण त्याच्या मुळाशी प्रश्न आहे तो नावाचा आणि लिहित्या हाताचा.

नाशिकमधला शरणपूर रस्ता आज वर्दळीचा आहे. ज्या शरणपुरावरून त्याला हे नाव पडले ती ख्रिस्ती वस्ती चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ साली वसवली. तिच्या उभारणीत विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याचा वाटा मोठा. धर्मांतरामुळे घरादाराला पारख्या झालेल्यांसाठी आणि अनाथांसाठी असलेल्या या वस्तीत १८६०च्या सुमारास ‘आफ्रिकन असायलम’ सुरू झाले. गुलामांची वाहतूक करणारी गलबते ब्रिटिश आरमार अरबी समुद्रात पकडी आणि सुटलेल्या माणसांना एडन किंवा मुंबईच्या बंदरात उतरवी. त्यांतली मुले सरकारच्या संमतीने मिशनच्या शाळांकडे सोपवली जात. शरणपुरात त्यांना लिहिणे-वाचणे, धर्मशिक्षण आणि सुतारकाम-लोहारकामासारखे हाताला धंदा देणारे शिक्षण मिळे. काही काळ त्यांच्यावर देखरेख होती ती कार्ल विल्हेल्म इझेनबर्ग या जर्मन मिशनऱ्याची. इथिओपियातील वास्तव्यातून त्याने अम्हारिक भाषेचा कोश आणि व्याकरण सिद्ध केले होते. गोदाकाठी आफ्रिकन भाषांचा कोशकार ही गोष्ट आम्हांला अजूनही नवलाची वाटते.

या संस्थेला आजच्या अर्थाने सांस्कृतिक केंद्र म्हणता येईल काय? ती आफ्रिकनांसाठी होती, पण आफ्रिकनांची नव्हती. मुलांची नावे बदलली गेली. जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, विल्यम जोन्स ही सगळी नावे मिशनच्या घरातली. यांपैकी जेकब याओ समाजात जन्मला होता, पण जगाने त्याला ओळखले ते वेनराइट म्हणून. ज्या १८५४ साली शरणपूर वसले त्याच साली बाबा पदमनजी ख्रिस्ती झाले, आणि तीनच वर्षांनी त्यांचे ‘यमुनापर्यटन’ मराठीत अवतरले. पदमनजींनी पुढे स्वतःची कहाणीही स्वतःच्या भाषेत सांगितली. शरणपूरच्या मुलांपाशी स्वतःची म्हणावी अशी भाषा कोणती उरली होती?

तरीही या मुलांना एकमेकांचा सहवास मिळाला, आणि संस्थेचे खरे कार्य आम्हांला तिथे दिसते. निरनिराळ्या मुलखांतून पळवून आणलेल्या मुलांचा एक नवा समाज तिथे घडला. पूर्व आफ्रिकेत त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ असे नाव पडले. नाशिक सुटले तरी समाज टिकला.

लिव्हिंग्स्टनने १८६६ साली मुंबईहून आफ्रिकेच्या अखेरच्या सफरीसाठी प्रस्थान ठेवले तेव्हा नाशिकची नऊ मुले त्याच्यासोबत होती. ‘नासिक बॉइज’ हे त्यांचे नाव इंग्रजी प्रवासवर्णनांतून रूढ झाले. १८७२ साली आणखी सहा जण त्याला जाऊन मिळाले. त्यांत वेनराइट होता. १८७३ साली चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन वारला. त्याचे हृदय ज्या झाडाखाली पुरले त्यावर अक्षरे कोरली ती वेनराइटने. शव किनाऱ्यापर्यंत वाहून नेण्याच्या त्या महिनोन्‌महिन्यांच्या वाटचालीची रोजनिशीही त्यानेच लिहिली. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत अंत्यविधी झाला तेव्हा शवपेटी धरणाऱ्यांत तो होता. त्याची रोजनिशी त्याच वर्षी छापली गेली, पण जर्मन अनुवादात. मूळ हस्तलिखित वाचकांसमोर यायला शतकाहून अधिक काळ जावा लागला. ‘स्वामिनिष्ठ सेवक’ म्हणून त्याचे कौतुक मात्र तत्काळ झाले होते.

आम्हांला वेनराइटपेक्षा जोन्स अधिक मोलाचा वाटतो. १८६४ साली जोन्स, इश्माएल सेमलर असे काही तरुण मोम्बासाजवळच्या रबाई येथील मिशन-वस्तीत गेले. पुढे मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्या पुढाकारानंतर मुक्त गुलामांसाठी मोम्बासाजवळ नवी वस्ती उभारायचे ठरले. ती वसवायला प्राइसच गेला. तिला फ्रेअर टाउन असे नाव मिळाले, शरणपूरची आफ्रिकन मंडळी तिकडे रवाना झाली आणि १८७५ साली नाशिकचे असायलम बंद झाले. तिथल्या घंटेवरून त्या भागाला आजही स्वाहिलीत ‘केंगेलेनी’ म्हणतात.

जोन्सला १८८५ साली दीक्षा मिळाली. त्याच वर्षी बिशप हॅनिंग्टनच्या युगांडा-मोहिमेत तो गेला. हॅनिंग्टन मारला गेल्यावर मागे राहिलेल्या माणसांना घेऊन तो १८८६ साली रबाईला परतला. या काळात रबाईत आणखी एक गोष्ट घडत होती. किनाऱ्यावरच्या मळ्यांतून पळालेले गुलाम तिथे येऊन झोपड्या बांधत होते. पळून आलेल्यांना थारा द्यायचा नाही, असे मिशनचे मालकांशी ठरलेले. आरमाराने सोडवलेला गुलाम कायदेशीर, स्वतःच्या पायांनी सुटलेला बेकायदेशीर! जोन्स स्वतः पहिल्या प्रकारचा. त्याने दुसऱ्या प्रकारच्यांना राहू दिले.

१८८८ साली मालकांच्या तक्रारी वाढल्या तेव्हा चौकशीसाठी प्राइस पुन्हा आफ्रिकेत आला होता. शरणपूर वसवणारा म्हातारा गुरू शिष्याच्या वस्तीत बेकायदा माणसांची मोजदाद करू लागला. रबाई आणि आसपासच्या मिशन-वस्त्या मिळून आकडा चौदाशेच्या घरात गेला. त्यांना परत धाडणे म्हणजे पुन्हा बेडीत घालणे, आणि ठेवून घेणे म्हणजे किनाऱ्यावर दंगा. अखेर इम्पीरियल ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीच्या जॉर्ज मॅकेन्झीने मालकांना भरपाई देऊन तडजोड केली. १ जानेवारी १८८९ रोजी रबाईत मुक्ततेचे दाखले वाटले गेले. प्रत्येक दाखल्यावर एकेक नाव लिहिलेले होते.