शनिवारची गरम हंडी

कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजाला लोक ‘शनिवार तेली’ म्हणत, कारण शनिवारी त्यांचे घाणे बंद असत. हा विसावा म्हणजे यहुद्यांचा शब्बाथ. त्या दिवशी अन्न गरम करण्याबाबतचे त्यांचे नियम परक्याला नुसती बंधने वाटतात. माझ्या मते हेतू उलटा आहे. चूल न पेटवताही शनिवारी गरम घास मिळावा, म्हणून ते घडले. बायबलमधल्या ‘निर्गम’च्या 35व्या अध्यायात घरात विस्तव पेटवू नका, एवढेच सांगितले आहे. आधीच पेटलेल्या विस्तवाचा निवाडा इसवी सन 200च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी नियमसंग्रहाने केला. चूल काडाने तापवली असेल, तर शिजलेले अन्न तिच्यावर ठेवावे; लाकूड किंवा ऑलिव्हची पेंड जाळली असेल, तर आधी निखारे काढावेत नाहीतर त्यांवर राख पसरावी. काड भसकन जळून विझते. पेंडीत मात्र तेलाचा अंश उरतो, तिचा निखारा रेंगाळतो. घाण्यावर जन्म गेलेल्या तेल्याला हे सांगावे लागत नाही. रसरसता निखारा दिसला की अन्न लवकर तापावे म्हणून तो उकरण्याचा मोह होतो, आणि उकरणे म्हणजे विस्तव चेतवणेच. राख टाकली की मोह सरतो, ऊब मात्र राहते. आजही गॅसच्या बारीक आचेवर पत्रा ठेवतात, तो याच विचाराने.

मग थंड झालेली आमटी सकाळी पुन्हा का तापवू नये, असे कोणी विचारील. पूर्ण शिजलेल्या कोरड्या पदार्थाला दुसऱ्यांदा शिजणे नाही, हे तत्त्व मान्य आहे. निवलेला रस मात्र पुन्हा शिजतो, असे बहुतेक धर्मपंडित मानतात. मध्ययुगीन पंडित मायमोनिदीस आणि येमेनचे यहुदी तसे मानत नाहीत. म्हणजे वाद शिजणे कशाला म्हणावे याचा आहे, गरम अन्नाला विरोध यांपैकी कोणाचाच नाही. यहुद्यांतल्याच करैत पंथाने मात्र वचनाचा कडक अर्थ लावून आधी पेटलेला विस्तवही वर्ज्य केला. त्यांच्याविरुद्ध बाराव्या शतकात धर्मपंडित झेराह्या हा-लेवी यांनी लिहिले, की शब्बाथला गरम अन्न नाकारणाऱ्यावर पाखंडाचा संशय घ्यावा. माझ्या म्हणण्याला याहून बळकट पुरावा नको. याउलट शीतळादेवीच्या सप्तमीला महाराष्ट्रात चूलही थंड आणि ताटही थंड असते. तिथे गारवा हीच पूजा आहे. शब्बाथला हात थांबतात, हंडी गरमच राहते.

बेने इस्राएलांजवळ मिश्ना नव्हती, तरी घाणा थांबत होता. यावरून विसावा आधीचा आणि चुलीचे हे बारकावे नंतरचे, असेच मी म्हणेन.