जुन्या जिप्सीचा छोटा कॅम्पर कसा करतात?

कॅम्पर म्हणजे प्रवासाबरोबर मुक्कामाचीही सोय असलेली गाडी. झोपायला जागा, चहा-जेवणापुरती चूल, थोडे पाणी आणि रात्रीपुरती वीज एवढे असले की छोटा कॅम्पर तयार होतो. त्यासाठी मोठी व्हॅनच हवी असे नाही. चारही चाकांना जोर मिळणारी जुनी गाडी कच्च्या रस्त्यावरही पोहोचते, म्हणून अनेक जण तिचाच विचार करतात. भारतात अशा गाड्यांमध्ये मारुती जिप्सीचे नाव पहिल्यांदा घेतले जाते. ती 1985 मध्ये बाजारात आली आणि 1996 मध्ये 1.3 लिटर इंजिनाची जिप्सी किंग आली. आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक जिप्सी जुनीच आहे. तिचा कॅम्पर करताना आधी बघायचे असते ते वजन. फळ्या, पडदे आणि दिवे नंतर येतात.

वजनाचा हिशेब

जिप्सी ही साधारण 500 किलो भार वाहणारी गाडी आहे. या 500 किलोंत माणसेही आली. दोन माणसे 140 किलो, 40 लिटर पाणी 40 किलो, लेड-ॲसिडची 100 अँपिअर-तासांची जादा बॅटरी 30 किलो, पलंग आणि खोकी 50 किलो, शिधा-भांडी 30 किलो, कपडे-अंथरूण 30 किलो, जॅक, दोर आणि हत्यारे 25 किलो. बेरीज 345 किलो होते. त्यावर 30 किलोचा कॅरियर आणि 60 किलोचा टपावरचा तंबू चढवला की आकडा 435 वर जातो. तिसरा माणूस बसला की हिशेब संपला.

म्हणून सामानाची निवड किलोत होते. 8 बाय 4 फुटांचा 18 मिलिमीटर जाडीचा प्लायवूडचा तक्ता 30 किलोंच्या पुढे जातो, तर 12 मिलिमीटरचा सुमारे 20 किलोंचा असतो. खाली आडव्या पट्ट्या दिल्या तर पातळ तक्ताही माणसाचे वजन पेलतो. सगळे सामान भरून, टाकी आणि कॅन भरून गाडी एकदा वजनकाट्यावर नेली की अंदाज उरत नाही, खरा आकडा हाती येतो.

वजन किती, इतकेच ते कुठे हेही महत्त्वाचे. जिप्सी अरुंद आणि उंच आहे. टपावर भार वाढला की वळणावर ती जास्त झुकते, आणि घाटात हा फरक लगेच जाणवतो. पाण्याचे कॅन आणि बॅटरी खाली, पुढच्या सीटच्या लगेच मागे ठेवावी. टपावर फक्त हलके सामान चढवावे.

आधी गाडी, मग घर

गाडी घेताना रंगापेक्षा चॅसिस बघावी. समुद्रकाठी वापरलेल्या गाडीत चॅसिस, पाट्यांचे जोड आणि दारांखालचा पत्रा गंजलेला असू शकतो. पाटे बसलेले, ब्रेक सैल आणि टायर जुने असतील तर पहिला खर्च तिथे होतो. फोर-व्हील लिव्हर दोन्ही स्थितींत नीट बसतो का, हे मातीवर चालवून पाहावे. कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावून वळल्यास यंत्रणेवर ताण येतो.

कायदा काय सांगतो

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला मनाने करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच स्पष्ट केले. बेकायदा बदलासाठी कलम 182-अ खाली प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. पुढे तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढते, आणि त्या तपासणीत बदललेली गाडी अडकू शकते. अपघातानंतर विम्याचा दावाही अडचणीत येऊ शकतो.

यावर सोपा मार्ग म्हणजे सुटे सामान. वेल्डिंग नाही, टप कापणे नाही, सीट काढणे नाही. मागे समोरासमोर बाके असलेल्या जिप्सीत ती तशीच ठेवून त्यांच्या मध्ये फळ्या टाकल्या की पलंग होतो आणि खाली सामानाला जागा उरते. मागचा भाग पूर्ण उंचीच्या माणसाला पाय पसरण्याइतका लांब नाही. त्यासाठी पुढची सीट पुढे सरकवून बिजागरीची जोडफळी उघडतात. सकाळी ती दुमडली की गाडी पुन्हा गाडी होते. टप उंच करणे किंवा आतली रचना कायमची बदलणे असेल, तर काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारावे.

वीज, चूल आणि हवा

इंजिनाची बॅटरी रात्री वापरली तर सकाळी गाडी सुरू होत नाही. म्हणून दुसरी बॅटरी घेतात आणि मध्ये आयसोलेटर बसवतात. 12 व्होल्टची 100 अँपिअर-तासांची बॅटरी 1,200 वॉट-तास देते. लेड-ॲसिड असेल तर त्यातली निम्मीच वापरावी. दोन छोटे एलईडी दिवे, एक पंखा आणि दोन फोन यांना रात्रीला साधारण 170 वॉट-तास लागतात, म्हणजे तीन रात्री निघतात. बॅटरीच्या धन टोकाजवळ फ्यूज हवाच. उघडी वायर पत्र्याला घासली तर आग लागू शकते.

स्वयंपाक नेहमी गाडीबाहेर करावा. बंद गाडीत पेटवलेली शेगडी किंवा कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला वास नसतो आणि झोपेत तो जीव घेऊ शकतो. थंडीत ऊब हवी असेल तर जास्त पांघरुणे घ्यावीत, शेगडी आत आणू नये. झोपताना दोन बाजूंच्या काचा बोटभर उघड्या ठेवून जाळी लावावी. त्यामुळे हवा खेळती राहते, आणि श्वासातली वाफ पत्र्यावर जमून अंथरूण ओले होणेही कमी होते.

लांबच्या प्रवासाआधी जवळच एक रात्र मुक्काम करून पाहावा. न लागलेले सामान घरी ठेवले की पुढच्या खेपेला गाडी तेवढी हलकी होते.