डार्विन यांचा पत्रव्यवहार : संशोधनपद्धतीच्या दृष्टीने एक विचार

चार्ल्स डार्विन (१८०९-१८८२) यांचे नाव घेताच 'बीगल' जहाजावरील सफर आठवते. तथापि १८३६ मध्ये मायदेशी परतल्यानंतर ते पुन्हा ब्रिटनबाहेर गेले नाहीत. १८४२ पासून केंट परगण्यातील डाऊन हे खेडेच त्यांची कर्मभूमी ठरले. जगभरातील पुरावा त्यांच्यापर्यंत आला, तो प्रामुख्याने टपालाने. सुमारे २,००० व्यक्तींशी झालेल्या या व्यवहारातील १५,००० पत्रे आज ज्ञात आहेत. प्रस्तुत लेखात त्यांचा संशोधनाचे साधन म्हणून विचार केला आहे.

सजीवांच्या जाती अपरिवर्तनीय नसाव्यात, हे मत त्यांनी ११ जानेवारी १८४४ रोजी वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांना पत्राने, काहीशा संकोचाने कळविले. 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' हा ग्रंथ मात्र १८५९ मध्ये प्रसिद्ध झाला. मधल्या १५ वर्षांत शंका, आक्षेप आणि पडताळणी यांचे बरेचसे कार्य पत्रांतूनच झाले.

कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे अभिरक्षक एडवर्ड ब्लाइथ यांनी १८५५ मध्ये भारतातील पाळीव पशुपक्ष्यांविषयी विस्तृत टिपणे पाठविली. आल्फ्रेड वॉलेस यांच्या लेखाकडेही त्यांनी त्याच वर्षी लक्ष वेधले. ग्रंथात डार्विन यांनी ब्लाइथ यांचा आदरपूर्वक उल्लेख केला. परंतु ज्या सामान्य भारतीय पशुपालकांनी ही जनावरे पिढ्यान्‌पिढ्या जोपासली, त्यांची नावे तेथे येत नाहीत.

सारांश, सिद्धांताचे संपूर्ण श्रेय एकाच व्यक्तीस देण्याची प्रथा तपासून पाहण्यास हा पत्रसंग्रह इतिहासकाराला भाग पाडतो.