नाताळचे वृंदगायन आणि मराठी ओवी

नाताळच्या मध्यरात्री ख्रिस्तमंदिरांतून जे समूहगायन ऐकू येते, त्याला सोळा शतकांची परंपरा आहे. हा इतिहास नुसता स्वरांचा नाही. उपासनेत गावे कोणी, शिकलेल्या मोजक्या गायकांनी की जमलेल्या सर्व भाविकांनी, हा प्रश्न त्यात प्रथमपासून गुंतलेला आहे.

चौथ्या शतकात मिलान नगरीचे बिशप संत आंब्रोज यांनी ख्रिस्तजन्मावर लॅटिन स्तोत्र रचले. चार चरणांची साधी कडवी, सर्वांना एकत्र म्हणता यावीत अशी. पुढे मठांतून एकसुरी ग्रेगोरियन गायन रूढ झाले आणि त्यानंतर बहुस्वरी रचनांचा काळ आला. स्पेनच्या व्हिक्टोरियाने १५७२ साली प्रसिद्ध केलेल्या नाताळरचनेत चार आवाज एकमेकांत असे गुंफले आहेत, की गव्हाणीपुढील विस्मय जणू मूर्त व्हावा. कला शिगेला पोहोचली. सामान्य भाविक मात्र गायकाचा श्रोता झाला.

हीच परंपरा पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आली. तेथील चर्चच्या शाळांतून मुलांना धर्मशिक्षणाबरोबर स्वरलिपी, गायन आणि व्हायोलिन शिकवीत. याच शिक्षणाच्या बळावर गोव्याचे वादक पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात नावारूपाला आले. तथापि ज्या लॅटिन शब्दांवर ती मुले सूर धरीत, त्यांचा अर्थ बहुतेक गावकऱ्यांना कळत नसे.

ही उणीव एका इंग्रज धर्मगुरूने ओळखली. १५७९ साली गोव्यास आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे ११ हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात ख्रिस्तजन्माची कथा येते. ओवी हा ज्ञानेश्वरांचा छंद, तसाच जात्यावर बसलेल्या माउलीचाही. तो गाण्यास ना वाद्य लागे, ना उस्ताद. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने लोकभाषेविरुद्ध हुकूम काढला, तरी हस्तलिखित प्रतींच्या आधारे ‘क्रिस्तपुराण’ टिकून राहिले.

ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ गावी २४ डिसेंबर १८१८ रोजी एका नाताळगीताचे प्रथम गायन झाले. ते आज जगभर गातात. त्याचे शब्द योसेफ मोर या धर्मगुरूचे, चाल फ्रान्झ ग्रुबर या खेड्यातील शिक्षकाची, साथ गिटारची आणि भाषा लोकांची, जर्मन. महाराष्ट्रात हेच कार्य रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी केले. १८९५ साली ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी अभंग, भजन व कीर्तन यांतून ख्रिस्तभक्ती मराठमोळी केली. आम्हां कॅथोलिकांनीही हे ऋण मोकळ्या मनाने मानले पाहिजे.

४ डिसेंबर १९६३ रोजी व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला. त्यात ग्रेगोरियन गायनाचा मान राखला आहे, देशोदेशींच्या संगीताला स्थान दिले आहे आणि भाविकांच्या सक्रिय सहभागावर भर दिला आहे. तेव्हापासून मिस्सामध्ये मराठी गाण्याची वाट मोकळी झाली.

भोपाळच्या अवधपुरीसारख्या वसाहतीत वाढणारी मराठी मुले हिंदी व इंग्रजी नाताळगीते सहज आत्मसात करतात. ती अवश्य गावीत. चार आवाजांची तालीमही कसून करावी. मात्र त्यांच्या पाठांतरात ख्रिस्तजन्माच्या चार मराठी ओव्याही असाव्यात. राचोलला छापलेली ती कथा चारशे वर्षे टिकली, ती कपाटातील ग्रंथापेक्षा म्हणणाऱ्या कंठांमुळे.