मोबाइलवरून लोकेशन कसे कळते? अमेरिकेत कागदपत्रांविना राहणाऱ्या स्थलांतरितांना त्याचा धोका का आहे?

परक्या देशात नव्याने आलेल्या माणसासाठी मोबाइल म्हणजे नकाशा, भाषांतरकार, पैसे पाठवण्याचे साधन आणि घरच्यांशी बोलण्याचा मार्ग असतो. कागदपत्रांविना राहणाऱ्या माणसाचे तर त्याच्याशिवाय चालतच नाही. पण हाच मोबाइल तो माणूस रात्री कुठे झोपतो, सकाळी कामाला कुठे जातो आणि रविवारी कोणत्या प्रार्थनास्थळात बसतो, याची नोंदही ठेवत असतो. ही नोंद कोणाच्या हाती जाते, हा अमेरिकेत गेली काही वर्षे वादाचा विषय आहे.

मोबाइलचे लोकेशन कळते कसे?

याचे मुख्य मार्ग तीन आहेत.

पहिला मार्ग मोबाइल टॉवरचा. फोन सुरू असला की तो जवळच्या टॉवरशी संपर्कात राहतो आणि त्याची नोंद मोबाइल कंपनीकडे होते. फोनमधले लोकेशन बंद केले तरी ही नोंद थांबत नाही.

दुसरा मार्ग फोनच्या स्वतःच्या यंत्रणेचा. जीपीएस, आसपासची वायफाय नेटवर्क आणि ब्लूटूथ यांच्या मदतीने फोन आपली जागा काही मीटरपर्यंत अचूक ओळखतो. ही माहिती परवानगी दिलेल्या प्रत्येक ॲपला मिळते.

तिसरा मार्ग जाहिरातींचा. प्रत्येक स्मार्टफोनला जाहिरातींसाठी अक्षरे आणि आकड्यांचा एक ओळख क्रमांक असतो. हवामान, खेळ, कूपन अशी अनेक मोफत ॲप्स हा क्रमांक आणि लोकेशन जाहिरात कंपन्यांना देतात. तिथून ती माहिती डेटा दलालांकडे जाते आणि विकली जाते. त्यात नाव नसते, असे दलाल सांगतात. पण एखादा फोन रोज रात्री एका घरात आणि रोज दिवसा एकाच हॉटेलच्या स्वयंपाकघरात असेल, तर तो कोणाचा हे शोधणे अवघड नसते.

न्यायालयाने संरक्षण दिले आहे ना?

काही प्रमाणात दिले आहे. २०१८ मध्ये 'कार्पेंटर विरुद्ध युनायटेड स्टेट्स' या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी महत्त्वाचा निकाल दिला. दरोड्याच्या या प्रकरणात तपास यंत्रणेने आरोपीच्या फोनच्या १२७ दिवसांतल्या १२,८९८ लोकेशन नोंदी मोबाइल कंपनीकडून मिळवल्या होत्या. अशा जुन्या नोंदींसाठी सर्वसाधारणपणे न्यायालयाचे वॉरंट लागेल, असे न्यायालयाने सांगितले.

पण हा निकाल मोबाइल कंपनीकडून नोंदी मागवण्याबाबत होता. तीच माहिती सरकारने बाजारातून विकत घेतली तर काय, हा प्रश्न उरला.

सरकारने लोकेशन विकत घेतले का?

हो. अमेरिकेची इमिग्रेशन यंत्रणा आयसीई आणि सीमा सुरक्षा यंत्रणा सीबीपी यांनी व्हेंटेल या कंपनीची लोकेशन माहिती विकत घेतल्याचे वॉल स्ट्रीट जर्नलने फेब्रुवारी २०२० मध्ये उघड केले. नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या एसीएलयू संघटनेने त्यानंतर कागदपत्रांसाठी खटला भरला. २०२२ मध्ये तिने जाहीर केलेल्या कागदपत्रांत उत्तर अमेरिकेतले सुमारे ३,३६,००० लोकेशन बिंदू होते. २०१८ मधल्या अवघ्या तीन दिवसांत नैर्ऋत्य अमेरिकेतल्या एका भागातून १,१३,६५४ बिंदू गोळा झाले होते.

सप्टेंबर २०२३ मध्ये गृहसुरक्षा विभागाच्याच महानिरीक्षकांनी या खरेदीवर ठपका ठेवला. आयसीई, सीबीपी आणि सीक्रेट सर्व्हिस यांनी अशी माहिती वापरताना गोपनीयतेचे नियम पाळले नव्हते. एका कर्मचाऱ्याने तर ती आपल्या सहकाऱ्यांवर पाळत ठेवण्यासाठी वापरली होती.

वॉरंटशिवाय अशी खरेदी करू नये यासाठीचे विधेयक एप्रिल २०२४ मध्ये प्रतिनिधीगृहात २१९ विरुद्ध १९९ मतांनी मंजूर झाले, पण सिनेटमध्ये अडकले. डिसेंबर २०२४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने व्हेंटेल आणि तिची मूळ कंपनी ग्रेव्ही ॲनालिटिक्स यांना दवाखाने, प्रार्थनास्थळे अशा संवेदनशील जागांची माहिती विकण्यास मनाई केली. मात्र राष्ट्रीय सुरक्षा आणि कायदा अंमलबजावणीसाठी काही अपवाद ठेवले. २०२५ मध्ये आयसीईने पुन्हा लोकेशन शोधणारे साधन विकत घेतल्याच्या बातम्या अमेरिकी माध्यमांत आल्या.

स्थलांतरितांना धोका जास्त का?

एक कारण कायद्यातच आहे. फौजदारी खटल्यात बेकायदा मिळवलेला पुरावा सहसा बाद होतो. पण हा नियम हद्दपारीच्या सुनावणीला सर्वसाधारणपणे लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्येच ठरवले आहे. अत्यंत गंभीर उल्लंघन झाले असेल तरच वेगळा विचार होऊ शकतो.

दुसरे कारण भीतीचे. आपला माग काढला जाईल असे वाटले की माणसे दवाखान्यात, मुलांच्या शाळेत किंवा मजुरी बुडवणाऱ्या मालकाविरुद्ध तक्रार करायलाही जात नाहीत. शिवाय एका घरात एकाकडे कागदपत्रे नसतात आणि मुले अमेरिकेचे नागरिक असतात, असेही अनेकदा असते. लोकेशनच्या नोंदी असा फरक करत नाहीत.

सरकारी ॲप फोनमध्ये असेल तर?

खटला सुरू असताना कोठडीबाहेर राहू दिलेल्या अनेकांना आयसीईचे 'स्मार्टलिंक' ॲप वापरावे लागते. त्यात सेल्फी काढून हजेरी द्यावी लागते. लोकेशन फक्त हजेरीच्या वेळी नोंदवले जाते, असे आयसीई सांगते. हक्क संघटनांना त्याबद्दल शंका आहेत. असे ॲप स्वतःहून काढून टाकणे हा अटींचा भंग ठरू शकतो. त्यामुळे आधी वकिलाचा सल्ला घेणेच योग्य.

भारतीयांशी याचा संबंध काय?

प्यू रिसर्च सेंटरच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये अमेरिकेत सुमारे सव्वासात लाख भारतीय कागदपत्रांविना राहत होते. अमेरिकी गृहसुरक्षा विभागाचा अंदाज बराच कमी, म्हणजे सुमारे २ लाख २० हजार आहे. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकी लष्करी विमानाने १०४ भारतीयांना अमृतसरला परत पाठवले, त्यात महाराष्ट्रातले तिघे होते.

गावाकडच्या नातेवाइकांनाही काळजी घेता येते. परदेशातल्या भावाचा फोटो, कामाची जागा किंवा येण्याचा दिवस फेसबुकवर लोकेशनसह टाकला, तर त्याने स्वतः घेतलेली खबरदारी वाया जाते.

कोणती काळजी घेता येते?

- प्रत्येक ॲपची लोकेशन परवानगी तपासावी. गरज नसेल तिथे ती बंद करावी, गरज असेल तिथे 'ॲप वापरताना' एवढीच ठेवावी. हवामानाच्या ॲपला 'अचूक लोकेशन' लागत नाही.
- अँड्रॉइडवर जाहिरात ओळख क्रमांक काढून टाकता येतो. आयफोनवर ॲप्सना माग काढण्याची परवानगी नाकारता येते.
- गुगल मॅप्समधली टाइमलाइन बंद करून जुनी नोंद पुसावी.
- कॅमेऱ्याचे लोकेशन बंद ठेवावे. व्हॉट्सॲपवर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर त्यातली जागेची माहिती सोबत जाऊ शकते.
- व्हॉट्सॲपचे लाइव्ह लोकेशन मोठ्या ग्रुपमध्ये टाकू नये.
- व्हीपीएनवर विसंबू नये. तो इंटरनेटचा पत्ता लपवतो, जीपीएस आणि टॉवरची नोंद लपवत नाही.

या उपायांनी जाहिरात बाजारात जाणारी माहिती बरीच कमी होते. टॉवरची नोंद मात्र फोन सुरू असेपर्यंत होतच राहते. ती कोणी, कधी आणि कशासाठी पाहावी, हे फोनच्या सेटिंगमध्ये ठरत नाही. ते न्यायालये आणि कायदेमंडळच ठरवू शकतात.