आखातातला हामूर आणि ‘क’ जीवनसत्त्व

संयुक्त अरब अमिरातीच्या किनाऱ्यावर तेलाआधी मोत्यांवर पोट चाले. जून ते सप्टेंबर हा बुडीचा मोठा हंगाम. दुबई, शारजा, अबुधाबीची गलबते या काळात आठवडेच्या आठवडे समुद्रातच असत. पाणबुडे दिवसभर जवळपास उपाशीच बुड्या मारत. सूर्य मावळल्यावर भात, मासळी आणि खजूर. ताजी भाजी किंवा फळ क्वचितच. मग हिरड्या सुजून रक्त येई, जखमा चिघळत. हा स्कर्व्ही. त्यांनी काढलेला माल मुंबईच्या मोतीबाजारात येई आणि तिथून युरोपला जाई. जपानी संवर्धित मोती आणि 1929 नंतरची मंदी यांनी हा धंदा बसवला.

स्कर्व्ही टाळणाऱ्या ‘क’ जीवनसत्त्वाची रासायनिक ओळख 1932 साली पटली. बहुतेक सस्तन प्राणी ते शरीरातच तयार करतात. माणसाला ते जमत नाही आणि बहुतेक हाडांच्या माशांनाही नाही. म्हणजे पाणबुडा आणि अमिरातीत चवीने खाल्ला जाणारा हामूर (कोकणातल्या हेकरूचा भाऊबंद) एकाच पंगतीतले. मुशीला मात्र ही ददात नाही. तिचे मूत्रपिंड ते बनवते. समुद्रातला हामूर जिवंत खेकडे-मासे खातो, त्यामुळे त्यालाही कमी पडत नाही.

कमी पडू लागते ते काचेआड. 2008 साली शारजाचे मत्स्यालय, पाम जुमेरावरच्या हॉटेलातला तलाव आणि दुबई मॉलमधली एक कोटी लिटरची टाकी अशी तिन्ही सुरू झाली. अबुधाबीचे राष्ट्रीय मत्स्यालय 2021 मध्ये आले. एवढ्या माशांना रोज ताजे भक्ष्य देणे कुणालाच परवडणारे नाही. जगभर अशा ठिकाणी भिस्त गोठवलेल्या मासळीवर असते. साठवणीत तिचे ‘क’ उडते आणि बर्फ वितळताना ‘ब’ गटातली जीवनसत्त्वे पाण्याबरोबर जातात. शिवाय तारलीच्या कुळातल्या बऱ्याच माशांत ‘ब१’ फोडणारे थायमिनेज असते. त्याचा धडा मत्स्यालयांच्या आधी 1930 च्या दशकात अमेरिकेतल्या कोल्हेपालकांना मिळाला होता: कच्चा कार्प खाऊन त्यांच्या कोल्ह्यांना अर्धांग झाले. म्हणून जीवनसत्त्वांची गोळी भक्ष्याच्या कल्ल्यात खुपसून देण्याची रीत पडली, आणि ‘क’ स्वतः बनवणाऱ्या मुशीलाही ‘ब१’साठी ती गिळावी लागते.

घरगुती प्रवाळ-टाकीचे गणित वेगळे. प्रवाळाला बरेचसे अन्न त्याच्या पेशींत राहणारी शैवाले पुरवतात आणि ‘ब१२’ बनवणारे जिवाणू खडकांवर असतातच. बाटलीतले ‘क’ टाकीत ओतले तर खाऱ्या पाण्यात ते लवकर विघटते, उरलेले सक्रिय कोळसा ओढून घेतो. पैसे अक्षरशः पाण्यात. त्यापेक्षा वितळवलेली कोळंबी निथळून, तिच्यावर थेंब टाकून, थोडा वेळ मुरू देऊन घातलेली बरी. चाळीस अंशांपुढच्या आखाती उन्हाळ्यात ती बाटली फ्रिजमध्येच ठेवावी लागते.